पाठीतली सुई आणि उतरलेली पापणी

कापूस वेचणीच्या धांदलीतही मागच्या महिन्यात आपली बैठक भरली. बचतीचा हिशेब झाला आणि विषय निघाला पाठीतल्या सुईचा. गटातल्या एका ताईची लेक शहरात बाळंत झाली. कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून तिच्या कमरेत बारीक नळी घालून औषध दिलं होतं. त्याला एपिड्युरल म्हणतात. थोड्या वेळानं तिची उजवी पापणी खाली आली. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं लकवा. संध्याकाळपर्यंत डोळा पहिल्यासारखा झाला, पण का झालं ते कुणी समजावून सांगितलं नाही. म्हणून आम्हीच शोधायला बसलो.

ही गोष्ट एका शेतमजूर बाईपासून सुरू होते. स्वित्झर्लंडमध्ये योहान हॉर्नर नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे 40 वर्षांची, शेतात राबणारी एक बाई आली. शेवटच्या बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या आत तिची उजवी पापणी उतरू लागली होती. हॉर्नर यांनी पाहिलं, तर त्या डोळ्याची बाहुली बारीक झालेली आणि चेहऱ्याच्या त्या बाजूला घाम नाही. 1869 साली त्यांनी हे छापलं. आजाराला नाव मिळालं डॉक्टरांचं. बाईनं सांगितलं नसतं तर त्यांना कळलं असतं का, असं आमच्या मनात येतंच.

तेव्हा एपिड्युरल नव्हतं. पण डोळ्याकडे जाणारी जी बारीक नस तिच्यात दुखावली होती, ती छातीच्या वरच्या मणक्यांतून निघून मानेतून वर जाते. गरोदरपणी मणक्याभोवतीच्या शिरा फुगतात, जागा अरुंद होते, आणि कमरेत दिलेलं औषध कधीकधी तिथपर्यंत चढतं. औषध उतरलं की पापणीही बहुधा उघडते. असं क्वचितच होतं. तरी लगेच सांगायचं, कारण औषध जास्त वर चढलं तर हात बधिर होतात, श्वास जड होतो.

आपल्याकडे मात्र बहुतेकींचा संबंध येतो तो सिझरच्या वेळच्या इंजेक्शनशी. ते मणक्यातल्या पाण्यात देतात. जर्मनीत 1898 साली ऑगस्ट बीर या डॉक्टरांनी ते स्वतःवर आणि हिल्डेब्रांट या मदतनीसावर करून पाहिलं. हिल्डेब्रांटच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारली, सिगार टेकवली, दुखलं नाही. मग दोघं जेवले, दारू प्याले. दुसऱ्या दिवसापासून बीर यांचं डोकं असं धरलं की नऊ दिवस अंथरुणात. आडवं झालं की बरं, उठलं की ठणका! सुईच्या भोकातून पाणी झिरपत होतं. दोनच वर्षांनी बासेल शहरात ऑस्कर क्राइस यांनी बाळंतिणींना हे इंजेक्शन दिलं. कळा थांबल्या, पण डोकेदुखी आणि ओकाऱ्या आल्याच.

आता सुया खूप बारीक झाल्यात, त्रास कमी झालाय. एपिड्युरलची सुई जाड असते. ती साधारण शंभरात एकीला चुकून पडद्यातून आत जाते, आणि मग असंच डोकं दुखतं. 1960 साली अमेरिकेतल्या गॉर्मली यांनी रुग्णाचंच थोडं रक्त तिथं सोडून भोक बुजवलं. तो उपाय आजही करतात.

आपल्या घरांत काय होतं? बाळंतिणीचं डोकं दुखलं की वारं लागलं म्हणतात, फडकं बांधतात, वर पाणीही मोजून देतात. आम्हीही हे केलंय. पण शरीरातलं पाणी घटलं की रक्त गोठायचा धोका वाढतो, आणि बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरेत गाठ होऊ शकते. बीपी वाढूनही डोकं दुखतं. म्हणून आडवं होऊनही डोकं थांबत नसेल, अंधारी येत असेल, झटका आला, बोलणं अडखळलं, किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर आशाताईला हाक मारा आणि 108 ला फोन लावा. दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा: "हिला पाठीत सुई दिली होती, अमुक दिवशी."