उंबरठ्यावरची नोंद

बाळापूरचा किल्ला एलिचपूरच्या इस्माईलखान नबाबानें १७५७ सालीं पुरा केला. आंत जावयाचें तर एकामागून एक तीन दरवाजे ओलांडावे लागतात. अशा प्रत्येक उंबरठ्यावर कारकून बसवून येणाऱ्याची नोंद ठेवावी, तशीच योजना लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्यांत २००८ सालीं झाली. तिचें नांव एफट्रेस. मुख्य कर्ता स्टीव्हन रोस्टेड.

गाभ्यांतील हजारों फंक्शनें एकमेकांस बोलावितात. कोणीं कोणास बोलाविलें हें कळल्यावांचून दोष सांपडत नाहीं. म्हणून कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या आरंभीं एक हांक पेरतो. नोंद नको असतां तिच्या जागीं निरर्थक आज्ञा लिहिली जाते व वेग टिकतो. हा बदल चालत्या यंत्रांत करावयाचा, आणि प्रत्येक प्रोसेसरची आज्ञाभाषा निराळी; तेव्हां कारकुनाची बैठक ज्याच्या त्याच्यासाठीं नव्यानें बांधावी लागते.

सप्टेंबर २००८ मध्यें, नवी आवृत्ति चाचणींत असतांनाच, इंटेलचीं कांहीं नेटवर्क-कार्डें निकामी होऊं लागलीं. संशय कार्डाच्या ड्रायव्हरवर गेला. स्वाभाविक, पण अन्यायाचा. मॉड्यूलचा आरंभींचा भाग काम संपतांच मोडला जाई, आणि कार्डाची स्थायी स्मृति नेमकी त्या पत्त्यांवर येई. एफट्रेस मात्र जुन्या टिपणावरून तेथेंच जाई. दरवाजा पाडून कोठी बांधली, तरी कारकून भिंतीवर खरडतोच! आज्ञा जुनीच आहे ना, एवढें ताडून पाहतांनाही प्रोसेसर तेथें लिहीत असे.

ऑक्टोबरांत २.६.२७.१ या आवृत्तींत ही युक्ति बंद झाली. २.६.२८ पासून उंबरठ्यांची यादी गाभा बांधतांनाच होऊं लागली, आणि ज्या प्रोसेसरांसाठीं ती सोय झाली नव्हती त्यांची चालत्या बदलाची मुभा काढून घेण्यांत आली.