राजगुरूचा डोळा

काळोखात एक डोळा. पडदाभर तो एकच डोळा, पापणी लवत नाही, आणि तो आपल्याकडेच रोखलेला. 'अमृतमंथन' बोलपटाच्या आरंभीचे हे दृश्य ज्याने एकदा पाहिले, तो ते सहसा विसरत नाही. दूरचे जवळ आणणारे भिंग लावून शांताराम बापूंनी १९३४ साली ते टिपले. तो डोळा चंडिकेच्या उपासक पंथाच्या राजगुरूचा.

मी चित्रपटाचा अभ्यासक नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, पाळी संपल्यावर. हा बोलपटही मी तिथेच, भिंतीवर चादर लावून, कारखान्यातल्या पोरांबरोबर पाहिला. तो डोळा दिसला तसा मागून एक पोरगा म्हणाला, "म्हातारा येडा आहे." सगळे हसले. मी हसलो नाही. का, ते आज सांगावयाचे आहे.

आधी थोडा इतिहास. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात उभी राहिली आणि १९३३ मध्ये पुण्यास आली. पुण्याच्या नव्या स्टुडिओतला पहिला बोलपट तो हाच. कथा नारायण हरि आपटे यांच्या 'भाग्यश्री' कादंबरीवरून घेतलेली. मराठीत राजगुरू झाले केशवराव दाते. हिंदीत चंद्रमोहन, आणि हा त्यांचा पहिलाच चित्रपट. रौप्यमहोत्सव करणारा पहिला हिंदी बोलपट म्हणूनही याचे नाव घेतात.

कथा अशी. अवंतीचा राजा क्रांतिवर्मा देवीपुढे माणसांचे आणि जनावरांचे बळी देण्यास बंदी करतो. राजगुरू ठरवितो की राजा मेला पाहिजे. पण सुरी तो स्वतः हाती घेत नाही. ते काम यशोधर्मा नावाच्या एका निष्ठावंताकडे जाते. यशोधर्म्याला मुलगा आहे, मुलगी आहे. त्याचे मन कचरते, तरी तो राजाला मारतो. मग राजगुरूच त्याला उघडा पाडतो.

आता विचारतो, यात वेडा कोण? राजगुरू वेडा असता तर गोष्ट सोपी होती. जर्मनीत १९२० साली 'डॉक्टर कॅलिगारी' नावाचा मूकपट निघाला. त्यात झोपेत चालणारा एक माणूस डॉक्टरच्या हुकमाने खून करतो, आणि शेवटी कळते की ही हकीकत सांगणारा स्वतःच वेड्यांच्या इस्पितळातला आहे. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकून घरी जातो. शांताराम बापू १९३३ मध्ये 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीस गेले होते, आणि 'अमृतमंथन'मधल्या काळ्या सावल्यांत जाणकारांना जर्मनीची छाया दिसते. असेल. पण आपल्या बोलपटाने ती शेवटची पळवाट ठेवली नाही. यशोधर्मा झोपेत नाही, जागा आहे.

वेडाविषयी कर्जतकरांना मी काय सांगावे! आपल्या कर्जतला डॉ. भरत वाटवानींची 'श्रद्धा' संस्था आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणावयाचे, औषधोपचार करावयाचे, आणि गाव आठवले की घरी पोहोचवावयाचे, हे तिचे काम. त्या कामासाठी डॉक्टरांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मी आमच्या स्टेशनावर असे कितीतरी भटके पाहिले आहेत. कोणी हातातला कागद घट्ट धरून बसलेला, कोणी आपल्याशीच बोलणारी. त्यांच्यातल्या एकानेही सभा बोलावली नाही, कोणाला कामगिरी वाटून दिली नाही. वेडा माणूस एकटा असतो हो! राजगुरू एकटा नाही. त्याला देऊळ आहे, पंथ आहे, आणि उठ म्हटल्यावर उठणारी माणसे आहेत. मी जन्मभर संघटनेचे काम केले, म्हणून मला तो डोळा पाहून हसू आले नाही. त्याचे संघटन पक्के होते.

आणि उठ म्हटल्यावर उठणारा माणूस कसा असतो तेही मला ठाऊक आहे. तीसेक वर्षांपूर्वी आमच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात (नाव सांगत नाही) पॉवर प्रेसवर एका सोबत्याची तीन बोटे गेली. दोन महिन्यांत त्याच प्रेसवर दुसऱ्याचा पंजा चेचला. प्रेसला गार्ड नव्हता. पण खात्यात बोलू लागले की मशीन 'धरते' आहे, तिला रक्त पाहिजे. जुन्या मंडळींनी भगताला आणावयाचे ठरविले. मालकाच्या माणसाने अर्धी पाळी मोकळी दिली. त्याला बोकड स्वस्त पडत होता. मी तेव्हा कमिटीत नवा. गार्डाचा अर्ज लिहून खिशात ठेवलेला होता. सगळे वर्गणी काढीत होते. मीही दहा रुपये घातले, अर्ज खिशातच राहिला. म्हातारे नाराज होतील, पुढच्या निवडणुकीत मते जातील, हा हिशेब. चार महिन्यांनी तिसरा अपघात झाला. त्यानंतर अर्ज दिला. गार्ड बसला तो एका दुपारच्या कामाचा होता.

आमची आजी सांगे, बोरघाटातल्या पुलांना माणूस लागला होता. लागलाच होता. १८५६ ते १८६३ या काळात घाटात लोहमार्ग झाला तेव्हा हजारो मजूर मेले. पटकीने मेले, सुरुंगाने मेले, दरडीवरून पडून मेले. १८५९ साली मजुरी थकली म्हणून त्यांनी दंगाही केला. पण आजीच्या गोष्टीत मजुरी नव्हती, पटकी नव्हती; देवीने मागितले आणि माणसे गेली, एवढेच होते. ठेकेदाराला याहून सोयीची गोष्ट कोणती?

तीन वर्षांनी, १९३७ मध्ये, तेच दिग्दर्शक, तेच कादंबरीकार आणि तेच केशवराव दाते 'कुंकू'त पुन्हा एकत्र आले. या वेळी दाते देवळात नाहीत, माजघरात आहेत. कोवळ्या मुलीशी लग्न लावलेले वृद्ध वकील. समोर शांता आपटे, 'अमृतमंथन'मध्ये यशोधर्म्याची मुलगी झालेली तीच. दोन्ही चित्रपटांत दात्यांचे पात्र शेवटी आपल्या हाताने मरते. मला 'कुंकू' अधिक आवडतो, कारण त्यातला म्हातारा शरमतो.

चित्रपटात आधी बंदी येते आणि मग राजाचा खून होतो. आपल्या राज्यात उलटा क्रम झाला. नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा वर्षानुवर्षे रेंगाळला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या. आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडले, आणि खरा सूत्रधार तपासात पुढे आला नाही असे निकालात म्हटले. यशोधर्मे सापडले.

बोलपटाच्या शेवटी लोक उठतात, राजगुरूचा डाव फसतो, आणि तो स्वतःचे मस्तक कापून देवीला शेवटचा बळी देतो. आमच्या कचेरीत तेव्हा कोणी बोलले नाही. दिवा लावला. ज्याने 'येडा' म्हटले होते तो पोरगा जरा वेळाने जवळ आला आणि म्हणाला, "साहेब, तो मधला भाग परत लावा की. त्याला काम सांगतात तो." मी पुन्हा लावला. त्याने तो उभ्यानेच पाहिला, आणि मग रात्रपाळीला गेला.