राधानगरीचे सात दरवाजे

कोल्हापूर जिल्ह्यात भोगावती नदीवर असलेले राधानगरी धरण राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतले. पैशाअभावी काम रेंगाळले आणि स्वातंत्र्यानंतरच पुरे झाले. त्याच्या सांडव्यावरचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच बळावर चालतात. पातळी 347.50 फुटांच्या आसपास गेली की ते एकेक करून उघडतात, ती उतरली की मिटतात. वीज लागत नाही, माणसाचा हुकूमही नाही. अशा दरवाजांची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये खडकवासल्याला तसेच दरवाजे बसवले होते.

एका दरवाजातून सुमारे 1,428 क्युसेक पाणी सुटते. एक अडकला तरी उरलेले सहा सुमारे 8,568 क्युसेक वाहून नेतात. हे खरे शहाणपण आहे: एक भाग निकामी होणार हे गृहीत धरूनच रचना करायची.

अंकीय मंडलांत हाच विचार जॉन फॉन नॉयमन यांनी 1956 च्या निबंधात मांडला. एकाच मंडलाच्या तीन प्रती करून बहुमताने उत्तर घेतले, तर प्रत्येकीची विश्वसनीयता 0.9 असताना एकत्रित विश्वसनीयता 0.972 होते. मात्र मत मोजणारे मंडल निर्दोष हवे आणि बिघाड परस्परांपासून स्वतंत्र हवेत. प्रत्येकीची विश्वसनीयता 0.5 पेक्षा कमी असेल, तर तीन प्रती एकीपेक्षाही वाईट ठरतात.

राधानगरीत मतमोजणी नाही. तिथे प्रत्येक दरवाजा आपले पाणी स्वतः जोखतो.