नाणेघाटाची वाट आणि फोनमधली बाई

आज इतिहासावर बोलायचं आहे, पण सुरुवात हिरड्यापासून करते, कारण मला हा इतिहास हिरड्यामुळंच शोधावा लागला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या घाटघरच्या गटांनी बाळहिरडा एकत्र करून एकाच व्यापाऱ्याला द्यायचं ठरवलं होतं. एकेकटीनं विकला की भाव पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पोती भरली, वजनं वहीत लिहिली, सकाळपासून बायका रस्त्याच्या कडेला बसल्या. टेम्पो संगमनेरकडून येणार होता. अकरा वाजले, बारा वाजले. आमच्याकडं रेंज म्हणजे अमुक दगडावर उभं राहिलं तर मिळते, नाहीतर नाही. मी त्या दगडावर चढून ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, मी घाटघरातच उभा आहे. समोर धरण दिसतंय. तुम्ही कुठं आहात?"

धरण? आमच्या घाटघरात कुठलं आलंय धरण!

तो अकोले तालुक्यातल्या घाटघरला जाऊन पोचला होता. भंडारदऱ्याच्या पलीकडं, कोकणकड्याला लागून असलेलं गाव. नाव तेच, सह्याद्री तोच, पाऊसही तितकाच. फोनमध्ये त्यानं 'घाटघर' एवढंच टाकलं आणि फोनमधल्या बाईनं जवळचं घाटघर दाखवलं. बाई चुकली असं म्हणता येणार नाही, तिला कुणी तालुका सांगितलाच नव्हता. टेम्पो परत फिरून आमच्याकडं यायला संध्याकाळ उलटून गेली. मध्ये वळवाचा पाऊस येऊन गेला आणि वरच्या थरातली पोती भिजली. वाळलेला हिरडा भिजला की काळा पडतो. त्या पोत्यांना व्यापाऱ्यानं कमी भाव लावला. कुणाचं किती नुकसान झालं ते आमच्या वहीत अजून लिहिलेलं आहे.

त्या रात्री झोप आली नाही. ज्या गावात दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांचे तांडे न चुकता येत होते, त्या गावाला आज एक टेम्पो सापडू नये? बी.ए.ला माझा इतिहास होता, पण नाणेघाटावर परीक्षेपुरत्या दहा ओळी लिहिल्या होत्या, तेवढंच. मग पुस्तकं काढली.

आपलं गाव कड्याच्या टोकावर आहे. खाली मुरबाड तालुक्यातलं वैशाखरे, वर आपण, आणि मधली नाळ म्हणजे नाणेघाट. कल्याण आणि सोपारा ही तेव्हाची बंदरं. तिथं उतरलेला माल मुरबाडवरून वैशाखऱ्याला, तिथून घाट चढून आपल्याकडं, पुढं जुन्नरला आणि मग थेट सातवाहनांच्या राजधानीला, म्हणजे पैठणला जायचा. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले या वाटेवर नजर ठेवून आहेत, ते उगाच नाही. घाटात बैलगाडी चालत नाही. बैलांच्या, गाढवांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर माल चढायचा. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. त्यात जकातीची नाणी टाकायचे, म्हणून नाणेघाट, असं सांगतात. नाना आणि गुणा या दोन भावांची गोष्टही सांगतात. गोष्ट कुठली खरी यावर भांडण नको, रांजण तर आहेच.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्रावरच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावानं ते पुस्तक ओळखतात. त्यात कल्याण आहे, सोपारा आहे, पैठण आहे, तेर आहे. पैठणहून रंगीत खडे आणि तेरहून सुती कापड भडोचच्या बंदराला जायचं असं तो लिहितो. भडोचपासून पैठण किती लांब? तर वीस दिवसांवर. तो अंतर दिवसांत सांगतो. आपल्या आज्याही तसंच सांगतात ना, "दोन बिड्यांची वाट", "भाकरीच्या वेळेला पोचशील". आणखी एक गोष्ट त्यानं लिहिली आहे, ती मला फार महत्त्वाची वाटली: हा माल रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून गाड्यांवर लादून न्यावा लागतो.

रस्ते नसलेला मुलूख! मग वाट कशी सापडायची?

तांड्याच्या प्रमुखाला तेव्हा सार्थवाह म्हणत. सार्थ म्हणजे तांडा. त्याच्याबरोबर एक वाट दाखवणारा माणूस असे. पाली भाषेतल्या जातककथांत त्याला 'थलनियामक' म्हटलं आहे. समुद्रावर जहाजाचा तांडेल असतो, तसा हा जमिनीवरचा तांडेल. एका जातककथेत साठ योजनांचं वाळवंट आहे. दिवसा वाळू इतकी तापते की पाय ठेवता येत नाही, म्हणून तांडा रात्री चालतो. वाटाड्या पुढच्या गाडीत आडवा होऊन आकाशाकडं बघतो आणि ताऱ्यांवरून दिशा सांगतो. शेवटची रात्र आली. उद्या पोचणारच, म्हणून लोकांनी पाणी आणि लाकूडफाटा टाकून दिला. आणि बरेच दिवस जागलेल्या वाटाड्याला नेमकी त्याच रात्री डुलकी लागली. बैल आपोआप वळले. पहाटे डोळे उघडून पाहतात तर काल जिथून निघालो तिथंच आलो! पाणी नाही, लाकूड नाही. माणसं गाड्यांखाली निजून राहिली. सार्थवाह मात्र फिरत राहिला. त्याला गवताचा एक झुबका दिसला. इथं खाली पाणी असणार, म्हणून त्यानं खणायला लावलं. खूप खोल गेल्यावर खडक लागला, तो एका पोरानं फोडला, आणि पाणी आलं.

ही गोष्ट वाचून मला आमचा टेम्पोवाला आठवला. तोही एकटाच फोनच्या भरवशावर निघाला होता. रस्त्यात किती गावं लागली असतील, पण कुठंच काच खाली करून त्यानं विचारलं नाही.

आता फोनमधल्या त्या बाईबद्दल. जीपीएस ही मुळात अमेरिकेच्या लष्कराची योजना. त्याचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला आणि पूर्ण यंत्रणा १९९५ मध्ये सुरू झाली. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून कमीत कमी चोवीस उपग्रह पृथ्वीभोवती फिरतात. प्रत्येकात अतिशय अचूक घड्याळ असतं आणि तो सतत सांगत असतो, "मी इथं आहे आणि आत्ता इतके वाजलेत." आपला फोन ते ऐकतो. संदेश यायला किती वेळ लागला यावरून तो उपग्रह किती लांब आहे हे काढतो. असे चार उपग्रह ऐकू आले की आपण कुठं उभ्या आहोत ते कळतं. सामान्य लोकांना मिळणाऱ्या माहितीत अमेरिका मुद्दाम चूक घालत असे, ते मे २००० मध्ये थांबवलं. भारताचीही आता स्वतःची यंत्रणा आहे, तिला २०१६ मध्ये 'नाविक' हे नाव मिळालं.

इथं नीट लक्ष द्या. उपग्रह फक्त 'तू कुठं आहेस' एवढंच सांगतो. 'कुठून जा' हे तो सांगत नाही. रस्ता सांगतो तो नकाशा, आणि नकाशा माणसांनी भरलेला असतो. तारे त्या वाळवंटातही बरोबरच होते, झोपला होता तो वाटाड्या. म्हणून रेंज नसली तरी फोनला आपली जागा कळू शकते, पण नकाशा आधी उतरवून घेतलेला नसेल तर पडद्यावर नुसता निळा ठिपका आणि भोवती कोरा कागद. अरुंद नाळेत दोन्ही बाजूंना कडे असले की आभाळच थोडं दिसतं, उपग्रह कमी ऐकू येतात आणि ठिपका इकडंतिकडं उड्या मारतो. पावसाळ्यात नाणेघाटात उतरणारे पर्यटक "आम्ही दरीत आहोत असं दाखवतंय" म्हणतात, ते याच कारणानं.

नकाशावर विसंबण्यात जीवही जातो. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ एक गाडी रात्री धरणाच्या पाण्यात गेली. नकाशात पूल होता. पण धरण भरलं की तो पूल पाण्याखाली जातो, हे आसपासच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गाडी चालवणारा माणूस बुडून गेला.

आणि आता आपल्याकडं मोठ्या गाड्या येणार आहेत. २०२१ मध्येच राज्य सरकारनं कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. कॅरव्हान म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, चाकांवरचं बिऱ्हाड. शब्द मूळचा तांड्याचाच आहे, ही गंमत. परदेशात अशा गाड्यांसाठी वेगळं यंत्र मिळतं. त्यात गाडीची उंची, रुंदी, वजन आधी भरायचं, मग ते कमी उंचीचा पूल आणि अरुंद गल्ली टाळून रस्ता काढतं. आपल्या साध्या फोनला वाटतं तुम्ही छोट्या गाडीत बसला आहात. त्यामुळं आपल्या वाडीच्या वळणावर एखादी मोठी गाडी अडकली तर हसू नका, आणि ढकलायला जाण्याआधी जेवणाची ऑर्डर घेऊन टाका!

परत जुन्या वाटेकडं येते. त्या काळी वाटाड्यावरच सगळं सोपवलेलं नव्हतं, वाटेलाही माणसांनी सांभाळलेलं होतं. नाणेघाटात पाण्याच्या टाक्या आहेत. तेव्हा त्यांना 'पोढी' म्हणत. त्यातली एक सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसानं दान दिली, असं तिथं कोरलेलं आहे. कुठं सोपारा आणि कुठं आपला कडा! जुन्नरच्या लेण्यांत तर धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पोढी दिल्याचा लेख आहे. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांचा गट. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी होती, काशाची भांडी घडवणाऱ्यांची होती. लोक त्यांच्याकडं पैसे ठेवत आणि व्याजातून धर्मकार्य चाले. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे, तो आपण प्रत्येक गटात वाचायला हवा. त्यानं विणकरांच्या एका श्रेणीकडं २,००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजानं. करा बरं हिशोब: महिन्याला २०, वर्षाला २४०. त्यातून २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२. पैसा बरोबर जुळतो! मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, हेही लिहून ठेवलं आहे. त्याच उषवदातानं प्रवाशांसाठी निवारे बांधले आणि नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. त्याच्या बायकोचं, दक्षमित्रेचं, दान म्हणून दिलेली खोलीही तिथं आहे.

आपल्या घाटातल्या मोठ्या लेण्यात ब्राह्मी लेख आहे, तो बहुतेक अभ्यासक सातवाहन राणी नागणिकेचा मानतात. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांचे आकडे त्यात अंकांत लिहिले आहेत. शंभराला वेगळी खूण, हजाराला वेगळी. शून्य अजून यायचं होतं. आपल्या देशातल्या सगळ्यांत जुन्या अंकांपैकी हे आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या, आता पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं उरली आहेत. १८२८ मध्ये कर्नल साईक्स हा इंग्रज तिथं आला, मग पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी लेख वाचले. त्याआधी शेकडो वर्षं आपले लोक त्या भिंतीला टेकून भाकरी खात होते. मला त्यात काही वाईट वाटत नाही. विसाव्यासाठीच तर ते लेणं होतं.

१८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये तिथून रेल्वे गेली. नाणेघाटाचा व्यापार बसला. आमच्या गटातल्या एक आजी अजून वैशाखऱ्याच्या पाहुण्यांकडं पायी उतरून जातात. त्यांना मी फोनवर वाट दाखवली, तर तो त्यांना माळशेजवरून भला मोठा वळसा घालायला सांगत होता. आजी म्हणाल्या, "तुझ्या या बाईला म्हणावं, आधी चालायला शीक."

भिजलेल्या पोत्यांनंतर आम्ही बैठक घेतली. पत्ता लिहिताना गावाच्या आधी तालुका: 'जुन्नर तालुका, घाटघर'. फोनमधली जागा पाठवायची ती घराची नाही, टेम्पो वळू शकेल अशा डांबरी रस्त्यावरची. ती आधीच दगडावर जाऊन पाठवून ठेवायची, आयत्या वेळी रेंज नसते. आणि ड्रायव्हरला गावं क्रमानं सांगायची: जुन्नर, आपटाळे, चावंड, घाटघर, माणिकडोहाचं पाणी दिसत राहील. दुसरं कुठलं धरण दिसलं तर थांबून फोन कर. प्रत्येक वाडीतल्या एका बाईनं हे पाठ केलं. हिरड्यासाठी केलं, पण बैठकीत एक सून हळूच म्हणाली, "माझे दिवस भरत आले की बोलवाल ती गाडी तरी इकडंच येईल ना?" मग सगळ्याच गप्प झाल्या, आणि त्याच दिवशी दोन वाड्यांच्या जागा राहिल्या होत्या त्याही आम्ही जाऊन घेतल्या.

गेल्या हंगामात टेम्पो साडेनऊला आला. ड्रायव्हर तोच होता. म्हणाला, "ताई, चावंडला थांबून विचारलं एकदा."