कुलूप मैदानालाही होतं

कोरोनाकाळातल्या कॉलेजचा विषय निघाला की आपण ऑनलाइन तास, मोबाइलची रेंज आणि परीक्षांचा गोंधळ यावरच बोलतो. मैदानाचं नाव कुणी घेत नाही. म्हणून ही नोंद.

पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा भुवनेश्वरला १ मार्च २०२० रोजी संपल्या. त्याच महिन्याच्या मध्यात महाराष्ट्रातली कॉलेजं बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. ब्रिटननेही त्याच आठवड्यात लोकांना घरी बसवलं, पण दिवसातून एकदा व्यायामाला बाहेर पडायची मुभा ठेवली. आपल्या नियमावलीत किराणा होता, दूध होतं, औषधं होती. धावणं नव्हतं. पहाटे रस्त्यावर पळणारा पोरगा म्हणजे विनाकारण फिरणारा.

३ जूनपासून ‘मिशन बिगिन अगेन’मध्ये राज्याने चालणं, धावणं, सायकलिंग याला पहाटे ५ ते संध्याकाळी ७ परवानगी दिली, तीही एकेकट्याने. म्हणजे कबड्डी, खो-खो बंदच. जिम उघडायला दसरा उजाडला, २५ ऑक्टोबर. कॉलेजं १५ फेब्रुवारी २०२१ पासून निम्म्या हजेरीने सुरू करायची परवानगी मिळाली, पण दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली. एप्रिलच्या संचारबंदीत सकाळचं फिरणंही पुन्हा बंद. कॉलेजची दारं परत उघडली ती २० ऑक्टोबरला.

फक्त खेळाडूंचं नुकसान झालं असं समजू नका. एसटी स्टँडपासून कॉलेजपर्यंतची पायपीट, जिने, मधल्या सुट्टीतलं हुंदडणं, हीसुद्धा हालचालच. ती एका दिवसात थांबली. विद्यार्थ्यांचं बसणं वाढलं, हालचाल घटली, हे जगभरच्या अनेक अभ्यासांत दिसलं. आणि आमच्यासारख्या छोट्या गावात कितीतरी मुलींना हक्काने पळायला कॉलेजचं मैदान सोडून दुसरी जागाच नव्हती.

सगळ्यात मोठा फटका भरतीची तयारी करणाऱ्यांना. लष्कराची भरती दोन वर्षं झाली नाही. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, वयाची अट २१. देशभर पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा त्या वर्षापुरती ती २३ केली. वयाची दोन वर्षं कागदावर परत मिळाली. पण दम असा कागदावर परत मिळत नाही. पोलीस भरतीत १६०० मीटर घड्याळ लावूनच पळावं लागतं.

निर्बंध नकोच होते, असं मी म्हणत नाही. त्या काळात रोज मृत्यूचे आकडे आम्हीच छापत होतो. पण भरलेला बाजार आणि मोकळ्या माळावर एकटा धावणारा मुलगा यात फरक करायला आपल्याला सत्तर दिवस लागले, आणि दुसऱ्या लाटेत तो फरक आपण पुन्हा विसरलो.

पुढची साथ कधीतरी येईलच. तेव्हा अत्यावश्यक गोष्टींच्या यादीत दूध आणि औषधांखाली एक ओळ मैदानासाठीही ठेवा. तुमच्या कॉलेजच्या मैदानाचं तेव्हा काय झालं होतं? कमेंटमध्ये जरूर लिहा.