कस कोणी लावावा?

चांदीच्या या हुपरीत कस लावण्याचे मोल आम्ही कुणाला सांगावयास नको. दळणवळणाच्या यंत्रांनाही कस लावावा लागतो. १९४८ साली बंगळुरास सरकारी टेलिफोन कारखाना निघाला. त्या काळी तपासनीस मीटरचा काटा पाही आणि आकडा वहीत मांडी. विद्या त्याच्या हातात होती.

१९७५ साली आयईईई-४८८ हे मानक ठरले. निरनिराळ्या कंपन्यांची मापनयंत्रे एकाच तऱ्हेच्या केबलने संगणकास जोडता येऊ लागली. काम जलद झाले. पण संगणकाची भाषा तपासनिसास येईना, म्हणून चाचणी लिहिणारा दुसराच झाला.

१९८६ साली लॅबव्ह्यू आले. पडद्यावर चौकोन मांडावेत, ते रेघांनी जोडावेत, की चाचणीचा क्रम तयार! भाषेची भिंत खचली.

यावरून कामगार स्वस्त झाला, असे मालकाने समजू नये. यंत्र मोजते, परंतु किती चूक चालेल आणि कोणत्या आकड्याचा संशय घ्यावा, हे तपासनीसच जाणतो. तेव्हा आमचे मागणे एवढेच, की नवे हत्यार प्रथम त्याच्या हाती द्यावे, आणि ते शिकण्याचा वेळ कामाच्या तासांत धरावा.