अडुळसा, मा हुआंग आणि छातीतली गाठ

मिरचीचा हंगाम आला की नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल गालिचे पसरल्यासारखे दिसतात. दिसायला सुंदर, पण त्या वाटेने जाणाऱ्याला ठसका लागल्याशिवाय राहत नाही. वर सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर चुलीच्या धुराने घर भरते. त्यामुळे खोकला आपल्याकडे कुणाला नवा नाही, आणि त्यावरचा अडुळशाचा काढाही नवा नाही. अडचण येते ती एक्स-रे पाहून डॉक्टर ‘फुफ्फुसात गाठ दिसते’ म्हणतात तेव्हा. मग घरात कुणी काढा वाढवायला सांगते, कुणी चिनी वनौषधींची जाहिरात पुढे करते. काढ्याने गाठ विरते का? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपल्या पूर्वजांना छातीच्या आत पाहता येत नव्हते. तरी त्यांचे निरीक्षण बारीक होते. चरकसंहितेत राजयक्ष्म्याचे सविस्तर वर्णन आहे आणि हा रोग पहिल्यांदा चंद्राला झाला, अशी कथाही आहे. रोज झिजणाऱ्या माणसाला झिजत्या चंद्राची उपमा! युनानी हकीम याच दुखण्याला ‘सिल’ म्हणत. इब्न सिना या महान हकिमाने हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या ‘अल-कानून’मध्ये हा रोग एकाकडून दुसऱ्याला लागतो, असे म्हटले होते. चिनी वैद्यांनी साचलेला कफ आणि कोंडलेले रक्त यांतून गाठी होतात, असे मानले. कफाची ही कल्पना आपल्याला परकी वाटणार नाही.

या वैद्यांच्या वनस्पतीही निरुपयोगी नव्हत्या. चीनमध्ये दोन हजार वर्षांपासून दम्यावर ‘मा हुआंग’ नावाच्या झुडपाच्या काड्यांचा काढा देत. जपानच्या नागाई यांनी 1885 मध्ये त्यातून एफेड्रिन वेगळे काढले. 1924 मध्ये पेकिंगमधील वैद्यकीय महाविद्यालयात चेन आणि श्मिट यांनी त्याचे गुण तपासून जगापुढे मांडले, आणि दम्याच्या रुग्णांना पोटात घेता येईल असे औषध मिळाले. आपल्या अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून 1960च्या दशकात जर्मनीत ब्रोमहेक्सिन तयार झाले. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर हे नाव आजही सापडेल.

पण याच कथेला दुसरी बाजू आहे. मा हुआंग रक्तदाब वाढवते, हृदयावर ताण आणते. वजन कमी करण्याच्या गोळ्यांत ते सर्रास वापरल्याने अनेकांना अपाय झाला आणि अमेरिकेने 2004 मध्ये अशा गोळ्यांवर बंदी घातली. झाडपाल्याचे म्हणून निर्धोक, हा समज खरा नाही. दुसरे असे, की ही औषधे श्वासनळी सैल करतात किंवा कफ पातळ करतात. गाठ ही वेगळी गोष्ट आहे. चीनमध्ये आज अशा गाठींवर काढे दिले जातात. मात्र त्यांनी गाठ विरघळते, याचा भक्कम पुरावा नाही.

गाठ म्हणजे एकच रोगही नव्हे. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गोल डागाला डॉक्टर नोड्यूल म्हणतात. त्यांतले लहान डाग बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, जुन्या संसर्गाचा वण असतो. काही क्षयाचे असतात, थोडे कर्करोगाचे. ‘ट्युबरक्युलोसिस’ या नावाचे मूळही लहान गाठ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. 24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. 1895 मध्ये राँटजेन यांना क्ष-किरण सापडले आणि छातीतला डाग दिसू लागला. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हाती आले. पुढे 1956 पासून मद्रासमध्ये झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले, की योग्य गोळ्या मिळाल्या तर क्षयाचा गरीब रुग्ण घरी राहूनही बरा होतो. डोंगरातल्या माणसासाठी यापेक्षा मोठी बातमी कोणती?

म्हणून क्रम महत्त्वाचा. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, ताप राहिला, वजन घटले किंवा थुंकीतून रक्त आले, तर आधी तपासणी. सरकारी दवाखान्यात क्षयाची थुंकी तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. पोषणासाठी 2018 पासून रुग्णाला दरमहा 500 रुपये मिळू लागले, 2024 मध्ये ते 1000 झाले. साध्या क्षयाचे औषध साधारण सहा महिने चालते; बरे वाटले म्हणून मध्येच सोडले, तर रोग औषधाला दाद देईनासा होतो. गाठ क्षयाची नसेल, तर सीटी स्कॅन पुन्हा कधी करायचे हे डॉक्टरांना ठरवू द्या. विडी-सिगारेट सोडा, चुलीचा धूर घराबाहेर काढा, पथारीवर तोंडाला फडके बांधा.

अडुळसा परसात राहू द्या. घसा खवखवला तर तो उपयोगी पडेल. एखादा काढा सुरू असेल तर तसे डॉक्टरांना सांगा. आपल्या भाषेत गाठ पडणे म्हणजे भेट होणे. छातीतल्या गाठीची आणि डॉक्टरांची गाठ मात्र वेळेवर पडली पाहिजे.